द्राक्षाची वाइन, मोहाचा सडवा

नाशिकची वाइन टूर आता इतकी रुळली आहे की न जाताही तिचा क्रम सांगता येतो. सकाळी शहरातून गाडी निघते. गंगापूर धरणाच्या वाटेवरची एक वायनरी, मग दिंडोरीकडची दुसरी, वेळ उरला तर इगतपुरीच्या बाजूची तिसरी. जानेवारी ते मार्च हा द्राक्षतोडणीचा हंगाम, त्यामुळे त्या दिवसांत गर्दी जास्त. गाइड आधी मळा दाखवतो, मग द्राक्षं चिरडायचं यंत्र, स्टीलच्या उंच टाक्या आणि अंधाऱ्या, गार खोलीत रचून ठेवलेली ओक लाकडाची पिंपं. शेवटी टेस्टिंग रूम. पाच-सहा ग्लासांत एकेक घोट. आधी पांढऱ्या वाइन, मग लाल, अगदी शेवटी गोड. ग्लास दांडीला धरायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालून वास घ्यायचा, घोट जिभेवर घोळवायचा आणि नको असेल तर समोरच्या भांड्यात थुंकायचा. गाइड विचारतो, "कसला वास येतोय?" कुणी पेरू म्हणतं, कुणी ओलं गवत, कुणी मिरी. सगळ्यांचंच बरोबर असतं.

या दिवसभराच्या कार्यक्रमात कुणाला चोरटं वाटत नाही. लोक सासू-सासऱ्यांना घेऊन येतात, फोटो टाकतात, दोन बाटल्या विकत घेऊन परततात.

आता नकाशावर नाशिकहून पूर्वेला सरका. सुमारे पाचशे किलोमीटरवर यवतमाळ. काळी कापसाची जमीन, दक्षिणेला पैनगंगा, पूर्वेला वर्धा नदी, मधे सागाची आणि मोहाची जंगलं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास. इथे वायनरी नाही, द्राक्षाची हवा नाही. पण फुलापासून पेय करण्याची परंपरा आहे, आणि ती नाशिकच्या वाइनपेक्षा कितीतरी जुनी आहे. तिची टूर निघत नाही. तिची बातमी येते, आणि ती साधारण अशी असते: पोलिसांची धाड, इतके लिटर मोहसडवा नष्ट, मुद्देमाल जप्त, महाराष्ट्र दारूबंदी कायदा कलम ६५ खाली गुन्हा दाखल.

हा 'सडवा' शब्द नीट पाहा. पाण्यात भिजवलेल्या मोहफुलांतली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल करतं, त्या आंबलेल्या द्रवाला हे नाव. नाशिकच्या स्टीलच्या टाकीत द्राक्षाच्या रसाचं नेमकं हेच होतं. तिथे त्याला फर्मेंटेशन म्हणतात आणि ते बघायला तिकीट असतं.

एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली एका आंबवण्याचं पर्यटन झालं आणि दुसऱ्याचा गुन्हा झाला. हे कसं झालं, ते या लेखात बघायचं आहे. मात्र गोष्ट 'गरिबाचं पेय चांगलं, श्रीमंताचं वाईट' इतकी सरळ नाही. यवतमाळच्याच बायका वर्षानुवर्षं दारूविरुद्ध मोर्चे काढत आल्या आहेत, आणि त्यांना वगळून मोहाचा इतिहास सांगता येत नाही.

वाइनला पत्ता कसा मिळाला

नाशिकची वाइन परंपरा प्राचीन वगैरे नाही. महाराष्ट्रात आधुनिक वाइनचा धंदा उभा राहिला तो १९८०च्या दशकात, आणि तोही नाशिकला नव्हे तर पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला. शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने तिथे फ्रेंच तंत्राने फसफसती वाइन केली. तिचं निर्यातीचं नाव होतं 'ओमर खय्याम'. नाशिककडे तेव्हा द्राक्षं भरपूर होती, पण खायची. निफाड, ओझर, पिंपळगावचा शेतकरी द्राक्ष पिकवण्यात तरबेज होता, वाइनशी त्याचा संबंध नव्हता.

१९९७ मध्ये राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ वाइनची द्राक्षं लावली. सुलाची पहिली वाइन बाजारात आली २००० साली. नाशिकची उंची, हिवाळ्यातल्या थंड रात्री, धरणांचं पाणी आणि द्राक्षाचा सराव असलेला शेतकरी, हे सगळं जुळून आलं. पण एवढ्यावर धंदा उभा राहत नाही. खरी कलाटणी मिळाली ती सरकारी कागदावर.

२००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. नावात 'वाइन' शब्द नाही, हे लक्षात घ्या. राज्यात तयार होणाऱ्या वाइनला उत्पादन शुल्कातून दहा वर्षांची सूट मिळाली. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले. वाइनकडे दारू म्हणून नव्हे, तर शेतमालावरची प्रक्रिया म्हणून बघायचं, असं राज्याने ठरवलं. २००५ मध्ये सुलाने टेस्टिंग रूम उघडली आणि वायनरी बघायला जाण्याची पद्धत पडली. पुढे 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. बाटलीवर गावाचा पत्ता आला.

फरक वयाच्या नियमातही आहे. महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी किमान वय २१, बाकी कडक मद्यासाठी २५. कायद्यानेच वाइनला जरा सौम्य, जरा सभ्य मानलं.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शंभर चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं. कारण दिलं शेतकऱ्याच्या उत्पन्नाचं. 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य त्या दिवसांत गाजलं. विरोधकांनी रान उठवलं, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय काही अंमलात आला नाही. पण त्या वादात एक प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. द्राक्षवाल्याचं उत्पन्न हे जर वाइनला सवलत देण्याचं कारण असेल, तर मोहफुलं वेचणारीचं उत्पन्न कुठल्या खात्यात जातं?

पहाटेचं झाड

मोहाचं झाड लावावं लागत नाही, राखावं लागतं. मार्च-एप्रिलमध्ये त्याची पानं गळून गेलेली असतात आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. फूल म्हणजे पाकळ्यांचा फुलोरा नव्हे. पिवळसर पांढरी, मांसल, रसाने भरलेली बोंडासारखी गोष्ट. ही फुलं पहाटे टपटप गळतात. त्याआधी झाडाखालचा पालापाचोळा काढून किंवा जाळून जागा साफ केलेली असते. बायका आणि पोरं अंधारातच टोपल्या घेऊन पोचतात, कारण उशीर केला तर गुरं, रानडुकरं आणि अस्वलं आधी येतात. उन्हं चढेपर्यंत वाकून वेचायचं. अंगणात तीन-चार दिवस वाळवलं की फूल तांबूस तपकिरी होतं आणि दिसायला मनुकेसारखं होतं. सुक्या फुलात निम्म्याच्या आसपास साखरच असते.

यवतमाळमध्ये घाटंजी, केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, राळेगावच्या पट्ट्यात गोंड, परधान आणि कोलाम वस्त्या आहेत, पुसद-उमरखेडकडे आंध. कोलाम समाज सरकारच्या यादीत विशेष असुरक्षित आदिवासी गटांमध्ये मोडतो. या घरांसाठी मोह म्हणजे आधी अन्न. फुलं भाजून खातात, पिठात मिसळून भाकर करतात, तीळ घालून लाडू वळतात. बियांचं तेल निघतं. गुरांना फुलं खायला घालतात. पाऊस दगा देतो त्या वर्षी शेतातलं काही आलं नाही तरी मोह येतो, म्हणून दुष्काळातलं अन्न अशी त्याची नोंद इंग्रजांच्या काळापासूनच्या कागदांत सापडते.

दारू हा त्याचा एक उपयोग. सुकी फुलं माठात भिजत घालतात, काही दिवसांत ती आंबतात, मग तो सडवा चुलीवर चढवून वाफ थंड करून थेंब थेंब धरतात. अल्कोहोल पाण्याआधी, ७८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून सुरुवातीला येणारी धार सगळ्यांत तेज. मराठीत 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग यातूनच आला आणि भट्टीचं तोंडही न पाहिलेले लोक तो सर्रास वापरतात.

इथे एक फरक प्रामाणिकपणे सांगायला हवा. वाइन फक्त आंबवलेली असते. तिच्यात अल्कोहोल साधारण बारा-तेरा टक्के. मोहाची दारू गाळलेली असते, म्हणजे जात्याच कडक. वाइनची तुलना तिच्याशी करताना हे विसरून चालत नाही. पण द्राक्षाची वाइन गाळली की ब्रँडी होते, आणि ब्रँडीला कुणी सडवा म्हणत नाही.

गोंड आणि कोलाम घरांत या दारूला जेवणाइतकंच देवाशी नातं आहे. जन्म, लग्न, मरण, पेरणी, नवं पीक, अशा प्रसंगी तिचे थेंब आधी जमिनीवर पूर्वजांच्या नावाने पडतात, मग माणसं पितात. म्हणजे पिण्याला प्रसंग होता, सोबत होती आणि मर्यादा होती. ही मर्यादा कुठे सुटली, हे शोधायचं तर जरा मागे जावं लागतं.

कौटिल्याचं पानागार

दारूवर राज्याचं लक्ष ही काही इंग्रजांनी आणलेली गोष्ट नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुराध्यक्ष' या अधिकाऱ्यावर अख्खा अध्याय आहे. त्यात दारूच्या दुकानाचं, म्हणजे पानागाराचं, वर्णन आहे: अनेक खोल्या, बसायला आणि निजायला वेगळ्या जागा, गंध, फुलं, पाणी, ऋतूप्रमाणे सोयी. आजच्या टेस्टिंग रूमचा आराखडाच जणू. अर्थात तिथे गुप्तहेरही बसवलेले असत, कोण जास्त पैसे उधळतो ते बघायला.

त्याच अध्यायात द्राक्षाच्या मद्याला 'मधु' म्हटलंय आणि ते जिथून येतं त्या प्रदेशांवरून त्याची नावं दिली आहेत, कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातलं काबूलच्या उत्तरेचं क्षेत्र. म्हणजे द्राक्षाची दारू दोन हजार वर्षांपूर्वीही लांबून येणारी, पत्त्यासकट ओळखली जाणारी, प्रतिष्ठेची वस्तू होती.

पण कौटिल्य आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती मोहाच्या बाजूची आहे. सण, जत्रा, यात्रा अशा वेळी लोकांना चार दिवस दारूची मोकळीक द्यावी. घरोघरच्या कुटुंबांनी काही प्रसंगी आपापलं मद्य करावं. कर घेणाऱ्या, हेर ठेवणाऱ्या राज्यालाही कळत होतं की काही पिणं बाजाराचं असतं आणि काही घरचं, देवाचं, सणाचं. दोघांना एकच नियम लावू नये.

मोह तेव्हाही होता. संस्कृतात तो 'मधूक', आणि महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत मोहाची फुलं आहेत, ती वेचणारी माणसं आहेत. मराठीच्या आजीच्या भाषेत द्राक्षापेक्षा मोहाचं झाड अधिक ओळखीचं होतं.

फूल सरकारजमा होतं तेव्हा

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वऱ्हाडाचा आग्नेय कोपरा. जिल्ह्याला बरीच वर्षं वणीचं नाव होतं, 'वून' जिल्हा. यवतमाळ हे नाव अधिकृत झालं ते १९०५ मध्ये. या काळात दोन गोष्टी एकाच वेळी घडत गेल्या. जंगल राखीव झालं, आणि आबकारी, म्हणजे दारूवरचा कर, सरकारच्या उत्पन्नाचा मोठा झरा झाला.

आबकारीच्या ब्रिटिश भारतात मोटामोटी दोन पद्धती होत्या. पहिलीत एखाद्या भागातली भट्टी लावायचा हक्क लिलावाने ठेकेदाराला मिळे. तो जितकी गाळेल आणि खपवेल तितका त्याचा फायदा. दुसरीत गावातल्या भट्ट्या बंद करून एका मोठ्या सरकारी देखरेखीच्या भट्टीत दारू गाळायची, प्रत्येक गॅलनवर कर घ्यायचा आणि परवान्याच्या दुकानांतून विकायची. दोन्हींत एक गोष्ट सारखी होती. घरी, आपल्या झाडाच्या फुलाची, आपल्या देवासाठी गाळणारी बाई गुन्हेगार ठरली, आणि रोज, पैसे घेऊन विकणारं दुकान कायदेशीर ठरलं.

पिण्याची मर्यादा सुटली ती इथे, असं मला वाटतं. सणाची दारू संपते, कारण फुलं संपतात आणि सण संपतो. दुकानाची दारू संपत नाही. दुकानाला रोज गिऱ्हाईक लागतं.

मुंबई इलाख्यात सरकार आणखी पुढे गेलं. १८९२ च्या 'म्हौरा' कायद्याने दारू नव्हे, तर मोहाचं फूल जवळ बाळगण्यावरच बंधनं घातली. चोरटी गाळणी थांबावी हा उद्देश. हे फूल गरिबांचं अन्न आहे, ही हरकत तेव्हाही घेतली गेली होती. वऱ्हाड या इलाख्यात नव्हता, पण या विचाराची सावली पुढे त्याच्यावरही पडणार होती.

१९३० मध्ये यवतमाळ देशभर गाजलं. १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह केला. त्याच सविनय कायदेभंगात देशभर दारूच्या दुकानांवर निदर्शनंही चालली होती. या दोन मागण्या एकाच चळवळीत होत्या: जंगल आमचं, आणि दारूचं दुकान नको. आज त्या एकमेकींच्या विरोधात असल्यासारख्या वाटतात. तेव्हा वाटत नव्हत्या, कारण दोन्ही गोष्टी सरकारच्या एकाच तिजोरीत जात होत्या.

'देशी' जी इथली नाही

पहिल्या काँग्रेस सरकारांच्या काळात, १९३८ मध्ये, मध्य प्रांत आणि वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा झाला. मुंबई राज्यात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मग हाच कायदा इकडेही लागू झाला. आजचा महाराष्ट्र दारूबंदी कायदा तो हाच. गंमत अशी की नावाने आपण अजूनही दारूबंदीच्या राज्यात राहतो. कायद्याप्रमाणे मद्य प्यायला परवाना लागतो; तो विदेशी मद्यासाठी एका दिवसाला पाच रुपयांत आणि देशीसाठी दोन रुपयांत मिळतो, आणि त्यावर आरोग्य राखण्यासाठी पिण्याची मुभा दिलेली असते.

या कायद्यात मोहफुलांचा स्वतंत्र उल्लेख होता. साठवायला, विकायला, एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायला परवान्याच्या अटी. द्राक्षांपासून वाइन होते म्हणून द्राक्षं वाहून नेणाऱ्या ट्रकला कुणी अडवलं नाही. उसाच्या मळीपासून दारू होते म्हणून उसाला परवाना लागला नाही. अट लागली ती मोहाच्या फुलाला. परिणाम बाजारात दिसला. हंगामात घरात साठवायची भीती, म्हणून वेचणारी आठवडी बाजारात मिळेल त्या भावाला फुलं व्यापाऱ्याला देऊन टाकते. पावसाळ्यात भाव चढतो तेव्हा माल तिच्याकडे नसतो.

साठच्या दशकानंतर बंदी सैल झाली आणि गावोगावी परवान्याची देशी दारूची दुकानं आली. या 'देशी' शब्दात मोठी फसगत आहे. महाराष्ट्रातली देशी दारू प्रामुख्याने साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काची. म्हणजे घाटंजीच्या किंवा मारेगावच्या दुकानातली 'देशी' येते ती मुळात उसाच्या पट्ट्यातल्या अर्थकारणातून. गावात जे खरोखर देशी आहे, गावच्या झाडाचं आहे, ते बेकायदा. पश्चिम महाराष्ट्राचं द्राक्ष आणि ऊस दोघांनाही कायद्यात जागा मिळाली. विदर्भाच्या मोहाला मिळाली नाही. मोहाच्या मागे ना साखर कारखाना होता, ना द्राक्ष बागायतदारांचा संघ.

उभी बाटली, आडवी बाटली

आता गोष्टीची दुसरी बाजू. इथे अनेक लेख घाईने पुढे जातात, पण खरं पणाला लागलेलं इथेच आहे.

यवतमाळच्या शेजारचा वर्धा जिल्हा गांधी-विनोबांची भूमी म्हणून १९७०च्या दशकापासून दारूमुक्त. गडचिरोलीत लोकांच्या दीर्घ आंदोलनानंतर १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बायकांनी २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पदयात्रा काढली आणि १ एप्रिल २०१५ पासून तो जिल्हाही दारूबंदीत गेला. यवतमाळमध्येही 'स्वामिनी' या नावाने बायका रस्त्यावर उतरल्या, आमचाही जिल्हा दारूमुक्त करा म्हणून. तो झाला नाही. त्यामुळे काही वर्षं वर्धा नदीच्या एका काठावर दारू दुकानात मिळे आणि दुसऱ्या काठावर ती गुन्हा असे. वणीच्या बाजूने चंद्रपूरकडे जाणाऱ्या चोरट्या दारूच्या बातम्या तेव्हा नेहमीच्या झाल्या.

मे २०२१ मध्ये सरकारने चंद्रपूरची बंदी उठवली. रमानाथ झा समितीच्या अहवालाचा आधार घेऊन सांगितलं गेलं की अवैध आणि बनावट दारू वाढली, बायका-मुलं या धंद्यात ओढली गेली. दारूबंदीच्या कार्यकर्त्यांना हे पटलं नाही. बंदी नीट राबवली नाही हा सरकारचा दोष, त्याची शिक्षा बायकांना का, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजूंकडे मुद्दे आहेत.

जिल्हा राहू द्या, निदान आपल्या गावचं दुकान बंद करायचं तर काय? त्यासाठी नियम आहे. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आडवीला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडली पाहिजेत. झालेल्या मतांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण नावांपैकी. म्हणजे त्या दिवशी जी बाई कापूस वेचायला किंवा मजुरीला परगावी गेली आहे, तिचं न पडलेलं मत दुकानाच्या बाजूने मोजलं जातं. आमदार निवडून यायला ही अट नाही, दारूचं दुकान बंद करायला आहे.

या बायकांना विचारलं की तुमचा राग मळीच्या देशीवर आहे की मोहाच्या हातभट्टीवर, तर त्या हसतील. घरी येणारा माणूस काय पिऊन आलाय हे मार खाणाऱ्याला सांगता येत नाही. मजुरी बाटलीत गेली की ती कुठल्या बाटलीत गेली याने चुलीला फरक पडत नाही. कापसाचं कर्ज आणि दारूचं व्यसन ज्या घरात एकत्र राहतात त्या घरात 'वारसा', 'परंपरा' हे शब्द फार पोकळ वाजतात.

म्हणून मोहाची तरफदारी करताना जपून बोलावं लागतं. परंपरेतली मर्यादा आज बऱ्याच ठिकाणी उरलेली नाही. मोहाची म्हणून विकली जाणारी हातभट्टीची दारू दर वेळी निव्वळ मोहाची असतेच असं नाही. आणि वेचणारी आणि मार खाणारी या दोन वेगळ्या बायका नाहीत. पहाटे मोहाखाली वाकलेली आणि दुपारी आडव्या बाटलीवर शिक्का मारणारी बाई अनेकदा एकच असते.

मग मोहाची टूर निघावी का?

वारं आता बदलतंय. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये जीआय मिळालं आणि पुढे गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. एकेकाळी 'देशी' म्हणून हिणवली जाणारी फेणी आता काजूच्या हंगामात भट्टीवर नेऊन पर्यटकांना चाखवली जाते. मध्य प्रदेशने मोहासाठी वारसा मद्य धोरण केलं. आलिराजपूर जिल्ह्यातला आदिवासी बचत गट 'मोंड' नावाने मोहाचं मद्य बाटलीत भरतो. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करण्या-साठवण्यावरची बंधनं काढली. आणि २०२२ मध्ये सरकारने ठरवलं की काजू बोंडं आणि मोहफुलांपासून राज्यात तयार होणाऱ्या मद्याला 'विदेशी मद्या'चा दर्जा द्यायचा.

हे पुन्हा वाचा. उसाच्या मळीची दारू देशी, आणि यवतमाळ-गडचिरोलीच्या झाडाची दारू विदेशी. यात करांचा आणि विक्रीच्या परवान्यांचा हिशेब आहे, हे खरं. पण प्रतिष्ठा मिळवायची तर मोहाला आधी परदेशी व्हावं लागतं, हे त्या कागदाने नकळत कबूल केलं.

समजा, उद्या टिपेश्वरच्या वाघांच्या सफारीला जोडून एखादी मोहाची टूर निघाली. पहाटे झाडाखाली वेचणी, दुपारी भट्टी, संध्याकाळी मातीच्या पेल्यात एकेक घोट आणि गाइडचा प्रश्न: "कसला वास येतोय?" तिकीट असेल, बाटलीवर पत्ता असेल. नाशिकला झालं ते इथे का होऊ नये? होऊ शकतं. पण नाशिकच्या इतिहासातून एक धडाही आहे. धोरण शेतकऱ्याच्या नावाने आलं, पण टेस्टिंग रूम, ब्रँड आणि शेअर बाजार ज्याच्याकडे भांडवल होतं त्याच्याकडे गेले. द्राक्ष शेतकऱ्याकडे निदान स्वतःची जमीन आणि सातबारा होता. मोह वेचणारीकडे टोपली आहे. मोठी कंपनी उतरली तर ती स्वस्तात फूल विकणारी राहील, आणि गावात एका दुकानाऐवजी दोन होतील.

उत्तराचा एक धागा कायद्यातच पडून आहे. १९९६ मध्ये संसदेने पेसा कायदा केला, अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा. यवतमाळमधली मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतली अनेक गावं या क्षेत्रात येतात. महाराष्ट्राचे त्याचे नियम आले २०१४ मध्ये. पेसाच्या चौथ्या कलमात ग्रामसभेच्या अधिकारांची यादी आहे. तिच्यातला पहिला अधिकार: मादक पदार्थांवर बंदी घालणं किंवा त्यांची विक्री आणि सेवन नियंत्रित करणं. लगेच दुसरा: गौण वनोपजाची मालकी. मोहफूल हे गौण वनोपज.

म्हणजे फूल आणि बाटली, दोन्ही एकाच खंडात, एकाखाली एक, एकाच ग्रामसभेच्या हाती दिलेली आहेत. १९३० मध्ये पुसदला ज्या दोन मागण्या एकत्र होत्या, जंगल आमचं आणि दुकान नको, त्या कायद्याच्या भाषेत पुन्हा शेजारी येऊन बसल्या आहेत. आबकारीने त्या तोडल्या होत्या: फूल जंगलखात्याकडे, दारू उत्पादन शुल्क खात्याकडे, आणि बाई पोलीस ठाण्यात.

हा खंड मनापासून राबवला तर एखादं गाव म्हणेल, आम्ही मोहाचे लाडू आणि सरबत विकू, दारू नको. दुसरं म्हणेल, सणापुरती गाळू, विकणार नाही. तिसरं कदाचित बचत गटाची छोटी भट्टी लावेल, पाहुण्यांना बोलावेल, पत्ता छापलेली बाटली काढेल, आणि मळीच्या देशीचं दुकान मात्र बंद करेल. तिन्ही निर्णय बरोबर असू शकतात, फक्त ते त्या गावच्या सभेत, पहाटे वेचणाऱ्या बायकांच्या मतांनी झालेले हवेत. यादीतल्या गैरहजर नावांनी नव्हे.

तोवर नाशिकला जायचं असेल तर जरूर जा. ग्लास फिरवा, वास घ्या, हव्या त्या फळाचं नाव सांगा. फक्त गाइड स्टीलच्या टाकीपाशी थांबून "आत फर्मेंटेशन चालू आहे" म्हणाला, की मनातल्या मनात त्याचं दुसरं मराठी नावही आठवा.